विहारात रडायला जागा आहे का?

यंदाच्या वर्षावासात भोकरदन तालुक्यातल्या एका गावच्या विहारातून ग्रंथवाचनाचे बोलावणे आले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या वस्त्या-वस्त्यांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, हे वाचकांना सांगायला नको. संध्याकाळची साडेसातची वेळ. बाहेर पावसाची भुरभुर. पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका पुढे, पुरुष मंडळी भिंतीला टेकून आणि तरुण पोरे नेहमीप्रमाणे दाराबाहेर मोबाईलमध्ये. त्रिशरण-पंचशील झाले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने त्या दिवसाचा भाग वाचला. भाग किसा गौतमीचा होता.

कथा सर्वांना ठाऊक आहे. एकुलते एक लेकरू मेलेले. आई ते कवटाळून औषध मागत फिरते. तथागत तिला सांगतात, ज्या घरात कधीच कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी घेऊन ये. ती दारोदार हिंडते. मोहरी सगळ्यांकडे असते, पण मरण न पाहिलेले घर एकही सापडत नाही.

विवेचनाची जबाबदारी माझ्यावर होती. मी पेशाने वकील, त्यात चळवळीचा कार्यकर्ता. चाळीस मिनिटे बोललो. बघा, तथागतांनी मेलेले मूल जिवंत केले नाही, मंत्र म्हटला नाही, अंगारा दिला नाही. इतर धर्मांचे संस्थापक चमत्कार करतात, आमचा बुद्ध वास्तव दाखवतो. हा बुद्धिवाद, हा विज्ञानवाद! टाळ्या पडल्या. मीही खूश झालो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्कर उपासिका उठल्या.

“जयभीम दादा. एक इचारू का?”

“विचारा ना, मावशी.”

“त्या बाईला बुद्धानं दारोदार धाडलं. लोकायनं आपापलं दुख तिला सांगितलं. मव्हं पोरगं करोनात गेलं. त्याचं तोंडबी पाहू देलं न्हाई. तव्हापसून मह्या दारात कोन आलं? वर्गणीला येतेत. जयंतीच्या मिरवणुकीचं सांगाया येतेत. पोराचं नाव कोनीच काढत न्हाई. मी रडन, असं वाटत आसन लोकायला.”

विहारात शांतता पसरली. माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण त्यांचा मुलगा मला माहीत होता. तहसीलवरच्या मोर्चात बॅनरची एक काठी त्याच्या हातात असे. रात्री जागून पोस्टर चिकटवणारा, सभेच्या सतरंज्या उचलणारा, भाषणाची संधी कधीच न मागणारा तो पोरगा होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो गेला तेव्हा मी काय केले? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहिले आणि खाली दोन हात जोडले. झाले माझे कर्तव्य!

कायदा माहीत होता, माणूस माहीत नव्हता

वाचन संपल्यावर मी मावशींच्या घरी गेलो. पत्र्याची खोली. भिंतीवर बाबासाहेब, तथागत आणि त्याच रांगेत मुलाचा फोटो. बोलता बोलता वकिलाच्या सवयीने विचारले, “मावशी, शासनाचे पन्नास हजार मिळाले का?”

“कशाचे पन्नास हजार?”

करोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणातून २०२१ साली झाला. जुन्या मृत्यूंसाठी अर्ज करण्याची मुदत न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवून दिली आणि ती त्याच वर्षी संपली. त्या दिवसांत मी कोर्टाच्या आवारात हेच अर्ज लोकांना भरून देत होतो. या मावशी तिथून बसने तासाभराच्या अंतरावर राहत होत्या. त्यांच्या घरात मरण झाले आहे हे मला ठाऊक होते आणि अर्ज कसा करायचा हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण त्यांची गाठ कधी पडली नाही. कारण मी त्यांच्या दारात गेलोच नाही.

करुणा म्हणजे मनाचा हळवेपणा, कविता करणाऱ्यांचा प्रांत, असे मी वर्षानुवर्षे समजत आलो. त्या रात्री कळले की करुणा नसेल तर कायद्याचे ज्ञानसुद्धा आंधळे असते. खरी अडचण असेल तर मुदतीनंतरही तक्रार निवारण समितीकडे जाता येईल, अशी सवलत न्यायालयाने ठेवली होती. त्या आधारे आम्ही आता अर्ज केला आहे. निकाल काय लागायचा तो लागो. पण इतकी वर्षे तो अर्ज झाला नाही, याचा दोष मी शासनावर ढकलू शकत नाही.

आपल्या चळवळीच्या दोन चुका

हा प्रश्न एका गावाचा नाही. आपण मोठ्या हिमतीने विहारे बांधली. मजुरी करणाऱ्यांनी, ऊस तोडणाऱ्यांनी पोटाला चिमटा काढून विटा दिल्या. पण त्या विहारात आपण काय करतो? जयंती, महापरिनिर्वाण दिन, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वक्त्याचे भाषण, सत्कार, आभार. ज्याच्या घरात दुःख आहे तो माणूस सतरंजीवर येऊन बसतो, टाळ्या वाजवतो आणि आपले दुःख जसेच्या तसे घरी घेऊन जातो.

मग आपणच तक्रार करतो की आपल्या बायका बुवांच्या सत्संगाला जातात. का जातात, याचा कोणी शोध घेतला? मी चार जणींना विचारले. उत्तर एकच मिळाले, “तिथं कसी हायेस, असं इचारतेत.” बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा देऊन आपल्याला बुवाबाजीतून बाहेर काढले. पण बुवा जी गोष्ट फुकटात देतो ती आपण देत नसू, तर नुसत्या प्रतिज्ञेची आठवण करून देऊन भागणार नाही.

ही एक चूक. दुसरी चूक तिच्या उलट टोकाची आहे. गेल्या काही दशकांत आपला शिकलेला वर्ग ध्यानाकडे वळला. गोयंका गुरुजींचे इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. उर्ग्येन संघरक्षित यांच्या प्रेरणेने आणि लोकमित्र यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम उभे राहिले आणि भाज्याच्या लेण्यांजवळ शिबिरे होऊ लागली. या केंद्रांवर आपल्यात भरपूर वाद झाले आणि ते व्हायलाही हवेत. मी स्वतः दहा दिवस मौन धरून बसलो आहे. राग कमी झाला, झोप सुधारली, हे खोटे कशाला सांगू? पण तिथून परतलेले आपलेच काही बांधव अत्याचाराच्या मोर्चाला बोलावले की म्हणतात, “आता आम्ही बाहेर पाहत नाही, आत पाहतो.” हे ऐकले की मला भीती वाटते. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना स्वतःचा श्वास मोजणारा माणूस शांत असेल, सुखी नसेल. आणि तो बौद्ध तर नक्कीच नसेल.

एकाने दुःख बाहेर ठेवले, दुसऱ्याने जग बाहेर ठेवले. तथागतांनी यातले काहीच बाहेर ठेवले नव्हते.

बाबासाहेबही रडले होते

“रडगाणे नको, लढा उभारा,” असे आपले ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण रडणे आणि लढणे यांत वैर आहे, हे त्यांना कोणी सांगितले?

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी आपली चार अपत्ये गमावली. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते पत्र वाचताना हात थरथरतो. इतका मोठा विद्वान, बॅरिस्टर, पण त्या पत्रात आहे फक्त एक कोसळलेला बाप. त्यांनी आपले दुःख लपवले नाही, एका मित्रापुढे उघडे केले. आणि त्यानंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच बाप महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता.

महाड आपण दरवर्षी साजरे करतो. त्याआधीचे ते पत्र आपण पोरांना कधी वाचून दाखवले आहे का?

ग्रंथातले चार प्रश्न

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये हा मूळ धम्माचा भाग आहे का, की त्यांमुळे धम्म निराशावादी ठरतो? आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म कसे मानता येतील? आणि भिक्षू कशासाठी, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस होण्यासाठी, की समाजाची सेवा करण्यासाठी?

या प्रश्नांवर आपले विद्वान ग्रंथ लिहितात. पण जरा नीट पाहिले तर हे प्रश्न आपल्या वस्तीतही विचारले जातात, फक्त शब्द वेगळे असतात. “घर सोडून निघून जावं वाटतं,” असे दारुड्या नवऱ्याला कंटाळलेली बाई म्हणते, तो पहिला प्रश्न. “जन्मच दुःखाचा आहे तर जगायचं कशाला?” असे परीक्षेत तीनदा नापास झालेला पोरगा म्हणतो, तो दुसरा. “मव्हं लेकरू आता कुठं आसन?” असे मावशी विचारतात, तो तिसरा. आणि “एवढं ध्यान करून तू कुणाच्या कामाला आलास?” हा चौथा.

दुसऱ्या प्रश्नापुरते बोलतो, कारण सुखाचा मुद्दा तिथे येतो. धम्म निराशावादी नाही. अंगुत्तर निकायात तथागत अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात. कष्टाने, सचोटीने मिळवलेले धन असण्याचे सुख. ते उपभोगण्याचे आणि सत्कार्यी लावण्याचे सुख. कोणाचे कर्ज नसण्याचे सुख, ज्याला पालीत ‘अनण सुख’ म्हणतात. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचे सुख. यांतले शेवटचे सर्वांत मोठे.

तिसरे सुख आमच्या जालना जिल्ह्यात उभे राहून वाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळाल्या, उभी झाडे तोडून सरपण झाले. ज्यांना बाग नव्हती त्यांचे तर मजुरीचेच पाणी आटले. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन ट्रकमध्ये चढतात. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाचे हातही गहाण पडतात. त्यांना कोणी ‘आनंद तुमच्या आतच आहे’ असे सांगितले तर ती क्रूर थट्टा होईल. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी कर्ज नसणे हे सुखाच्या यादीत स्पष्टपणे घातले. म्हणून मुकादमाच्या उचलीविरुद्ध लढणे हे धम्माबाहेरचे काम नाही. सुख हा आपल्याकडे मागणीपत्राचाही विषय आहे.

करुणा आणि न्याय

आता अवघड जागेकडे येतो. मी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची प्रकरणे चालवतो. १९८९ चा हा कायदा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५-अ आले. कागदावर संरक्षण आहे. तरीही साक्षीदार फितूर होतो. का होतो?

वकिलीच्या सुरुवातीला मी म्हणायचो, विकला गेला. आता तसे म्हणत नाही. साक्षीदाराला खटल्याची तारीख येईपर्यंत दोन-चार वर्षे त्याच गावात राहायचे असते. त्याच विहिरीवर, त्याच दुकानात, बऱ्याचदा आरोपीच्याच भावकीच्या शेतात. पहिल्या आठवड्यात नेते येतात, गाड्या येतात, पेपरला फोटो येतो. नंतर रात्री तो आणि त्याची बायको दोघेच असतात. माझ्या एका प्रकरणात साक्षीदार शेवटपर्यंत टिकला. मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, “साहेब, रोज संध्याकाळी विहारातली दोन मान्सं मह्या वट्यावर येऊन बसायची. खटल्याचं काहीच बोलायची न्हाई. नुसती बसायची.”

वस्तीतल्या त्या दोन माणसांचे नाव निकालपत्रात कुठेच नाही. पण तो निकाल जितका माझ्या युक्तिवादाने लागला तितकाच त्यांच्या बसण्याने लागला. करुणेने लढा मऊ पडत नाही, ती लढ्याला कणा देते.

बाबासाहेब तर करुणेपाशीही थांबले नाहीत. करुणा माणसांपुरती असते, तथागत तिच्याही पुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांवरच्या मैत्रीपर्यंत गेले, हा भेद त्यांनी ग्रंथात मांडला. मग अत्याचार करणाऱ्याबद्दलही मैत्री ठेवायची का? हा प्रश्न मला अशिलांनी विचारला आहे. माझे उत्तर असे, की त्याला शिक्षा व्हावी म्हणून मी शेवटच्या न्यायालयापर्यंत जाईन, पण त्याच्या लेकराचे वाईट चिंतणार नाही. हे बोलायला सोपे आहे. जगायला किती अवघड आहे आणि ते कोण जगते, हे मला शेवटी मावशींनी दाखवले. त्याआधी विहाराचे काय झाले ते सांगतो.

माईक बंद, माणसे चालू

त्या रात्रीनंतर गावच्या मंडळींनी ठरवले की दर रविवारी संध्याकाळी विहारात बसायचे. स्टेज नाही, माईक नाही, हार-तुरे नाहीत, प्रमुख पाहुणा नाही. सगळे गोल करून बसतात. त्रिशरण-पंचशील, ग्रंथाची दोन पाने, दहा मिनिटे आनापान. मग ज्याला बोलायचे तो बोलतो. मधेच कोणी उपदेश करायचा नाही, हा एकच नियम. शेवटी एक वही निघते. कोण आजारी आहे, कोणाचा निराधार योजनेचा अर्ज अडला, कोणाच्या पोरीची फी राहिली. प्रत्येक नावापुढे, तिथे कोण जाणार, त्याचे नाव.

पहिल्या रविवारी पुरुषांपैकी कोणीच बोलले नाही. तिसऱ्या रविवारी एक सेवानिवृत्त शिक्षक बोलले, ज्यांना मी आजवर फक्त भाषण करताना पाहिले होते. ते त्यांच्या दारूबद्दल बोलले.

ही काही नवीन कल्पना नाही. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूची कथा आहे. बाकीचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतःच्या हाताने पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मग संघाला सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे. संघ या शब्दाचा अर्थ यापेक्षा सोपा कोणता असेल?

आणि ज्या मातीत आम्ही बसतो ती तरी कोणती? भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जैन-पैठण व्यापारी मार्गावरचे हे गाव. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद आहे. इथून शेकडो किलोमीटर दूर. ते स्तूप केवळ राजांच्या पैशावर उभे राहिले नाहीत, त्यांत साध्या उपासक-उपासिकांचाही वाटा होता. एकेक वेदिकेचा दगड, एकेक नाव. धम्म या मातीत असाच, माणसाला माणूस जोडून उभा राहिला होता. १९५५ साली बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली तीही दिनदर्शिकेतल्या कार्यक्रमांपुरती नव्हे.

मावशींची मोहरी

आता मावशींची गोष्ट. मागच्या महिन्यात त्या गावात एका कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केली. घर आपल्या वस्तीतले नव्हे, गावातले. काही वर्षांपूर्वी विहाराच्या कमानीला ज्यांनी विरोध केला त्यांत हे घर पुढे होते. रविवारच्या बैठकीत विषय निघाला. एक तरुण म्हणाला, “आपल्याला काय त्याचं? आपल्या कमानीच्या वेळेस कसे वागले ते?”

मावशी म्हणाल्या, “कमानीचं भांडन भांडू की. दादा हायेत ना कोर्टात. पर त्या बाईचा नवरा मेलाय. मी जाऊन येते.”

दोघी-तिघी सोबत गेल्या. पुढच्या रविवारी मी विचारले, “मावशी, आत बोलावले का? पाणी तरी दिले का?”

“वट्यावरच बसलो. पानी मी मागितलं न्हाई अन् त्यायनं देलं न्हाई.” जरा थांबून म्हणाल्या, “पर ती बाई बोलली, दादा. लय बोलली.”

जात गेली नाही. पाणी मिळाले नाही. कमानीचा वाद अजून माझ्या फायलीत आहे आणि तो मी शेवटपर्यंत लढवणार आहे. पण किसा गौतमीच्या कथेचा अर्थ मला चाळीस मिनिटांच्या भाषणात सापडला नव्हता, तो या ओट्यावर सापडला. तथागतांनी तिला मोहरीसाठी पाठवले नव्हते, माणसांच्या दारात पाठवले होते. प्रत्येक दारात कोणीतरी तिला सांगितले असेल, माझा बाप गेला, माझी लेक गेली. तिचे मूल जिवंत झाले नाही. पण ती एकटी राहिली नाही.

कार्यकर्त्यांनो, येत्या रविवारी आपापल्या विहाराचे कुलूप भाषणाशिवाय उघडून बघा. आपल्या वस्तीत गेल्या काही वर्षांत कोणाकोणाच्या घरात मरण झाले, त्याची यादी करा आणि एकेका दारात जा. वर्गणीचे पुस्तक घरी ठेवा. मृताचे नाव घ्या. समोरचा माणूस रडला तर रडू द्या, घाईने समजूत घालू नका. आणि निघताना त्याचे कागद मात्र तपासायला विसरू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!